बेने इस्रायल समाजाचे कीर्तन आणि मलिदा नाशिकच्या व्यासपीठावर यावेत का?

मूळ मत (गंगापूर रोड)

मे महिन्यात गोदाकाठी भरणाऱ्या वसंत व्याख्यानमालेने नाशिककरांना नाना विषय ऐकवले आहेत. त्याच व्यासपीठावर एक संध्याकाळ बेने इस्रायल या मराठीभाषक ज्यू समाजाच्या कीर्तनाला द्यावी, असे मी सुचवतो. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात जोडपी वाचली, अशी पूर्वजकथा सांगणारा हा समाज कोकणात तेलाचे घाणे चालवीत असे आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत असल्यामुळे ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखला जाई. 1880 च्या सुमारास या मंडळींनी हरिदासी कीर्तनाचा घाट उचलला आणि धर्मग्रंथातील आख्याने मराठी वृत्तांत बांधली. कीर्तन म्हणजे काय हे ज्या शहराला समजावून सांगावे लागत नाही, तिथे योसेफाचे आख्यान कुणी ऐकलेले नसावे, याचे मला मनापासून दुःख वाटते. कीर्तनानंतर मलिद्याचा विधीही मंचावर व्हावा.

प्रतिसाद 1 (नाशिकरोड)

मी बेने इस्रायल आहे. कीर्तनाच्या सूचनेने आनंद झाला. मलिदा मंचावर मांडण्यास मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. आमच्याकडे मलिदा होतो तो नवस फेडताना किंवा घरातल्या शुभकार्याच्या निमित्ताने. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची आणि सुकामेवा एकत्र करून ताटात रचतात, सोबत फळे ठेवतात आणि एलियाहू हनाबी या प्रेषिताचे स्मरण व प्रार्थना झाल्यावरच ते ताट सर्वांपुढे फिरते. सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात, म्हणून माझे वडील ठाण्याच्या नातेवाइकांना आठवडाभर आधी निरोप धाडत असत. आठ जण आले आणि दोघांची गाडी चुकली, तर सारे घर दाराकडे डोळे लावून बसे. ती वाट पाहणे हासुद्धा आमच्यासाठी विधीचाच भाग आहे. प्रकाशझोतात, निवेदकाच्या सूचनेवर, ते कसे घडणार?

प्रतिसाद 2 (पंचवटी)

ताईंच्या भावनेचा आदर राखूनही मी असहमत आहे. आमच्या पंचवटीत पूजाअर्चा चारचौघांसमोरच होते आणि त्याने तिचे पावित्र्य उणावत नाही. दार लावून घेतलेल्या समाजाविषयी शेजाऱ्यांना काहीच कळत नाही. पुण्यातल्या 1867 च्या ओहेल डेव्हिड या ज्यू प्रार्थनास्थळाला लोक ‘लाल देऊळ’ म्हणतात, पण आतली प्रार्थना कोणाची हे कितींना ठाऊक असते? महाराष्ट्राने 2016 मध्ये ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. आता ओळखही वाढायला हवी, आणि ती नुसत्या व्याख्यानांनी वाढणार नाही.

प्रतिसाद 3 (नाशिकरोड)

दादा, लाल देऊळ बांधले ते डेव्हिड ससून यांनी, आणि ते बगदादी ज्यू होते. आमची मातृभाषा मराठी. त्यांच्या पूर्वजांची अरबी. एवढा फरकही जिथे पोहोचलेला नाही, तिथे अर्ध्या तासाचा मलिदा पाहून ‘ज्यूंचा प्रसाद’ एवढेच लक्षात राहील. आमचे दार बंद नाही; शेजारच्या काकू माझ्या घरच्या मलिद्याला येऊन बसतात, कारण त्या पाहुण्या असतात, प्रेक्षक नव्हेत. लोकांना चव द्यायची असेल तर नव्या वर्षाला होणारा चिकाचा हलवा द्या. गव्हाच्या चिकात नारळाचे दूध घालून तो आटवतात. मांसाहारी जेवणासोबत गाईम्हशीचे दूध चालत नाही, आणि कोकणात नारळ हाताशी होता. ‘बिरड्याचा रोजा’, ‘खिरीचा सण’ ही आमच्या सणांची मराठी नावे सांगा. 1846 मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह छापलेल्या हगादाविषयी, म्हणजे वल्हांडण सणाच्या रात्री वाचायच्या पोथीविषयी, सार्वजनिक वाचनालयात बोला. या सगळ्यासाठी मी स्वतः उभी राहीन.

मूळ लेखकाचे उत्तर

मलिद्याची सूचना मी मागे घेतो. पंचवटीच्या मित्राचे म्हणणे मला पूर्ण चुकीचे वाटत नाही, परंतु विधी ज्यांचा आहे त्यांनी नको म्हटल्यावर आपण आग्रह धरणे योग्य नव्हे. कीर्तनाबाबत मात्र मी ठाम आहे, आणि ते समाजातल्याच कीर्तनकारांनी करावे. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा साप्ताहिक विश्रांतीचा दिवस, सुरू होत असल्याने आयोजकांकडे रविवारची संध्याकाळ मागतो. ताई, हलव्यासाठी चीक किती दिवस आधी काढावा लागतो?