मे महिन्यात नांगरटीत जिवंत बेडूक निघाला, जगतो कसा?

औसा: काळ्या रानात ढेकळाखाली गोल फुगलेला बेडूक निघाला. वर ४२ अंश ऊन, पण हातात घेतल्यावर हलतोय. हौदात सोडू का?

परभणी: नका सोडू दादा, ती ग्रीष्मनिद्रा आहे. मागच्या तळव्याला फावड्यासारखा टणक उंचवटा असतो. त्यानं माती उकरत तो पाठमोरा खाली जातो. खाणं बंद, ठोके मंद, श्वास मुख्यतः त्वचेतून. मूत्राशयातलं पातळ मूत्र हीच त्याची पाण्याची टाकी, शरीर त्यातूनच पाणी परत शोषतं. रक्तात युरिया साठतो, त्यामुळं त्वचेतून पाणी कमी सुटतं. फारच नेमकी व्यवस्था आहे ही!

अंबाजोगाई: विहिरीत तर मुळीच नको, उभ्या भिंतीवर त्याला चढता येत नाही. बांधाच्या सावलीत वीतभर खड्डा, त्यात ओलसर भुसभुशीत माती, वर पालापाचोळा. दाबू नका, हवा कोंडते. पाणी ओतू नका. अवेळी जागा झाला तर साठवलेली चरबी उगाच संपते.

औसा: लिंबाखाली ठेवला. बाहेर कधी येईल?

परभणी: मृगाचा दणकट पाऊस पडला की. डबकं आटायच्या आत पिल्लांचे बेडूक व्हावे लागतात, म्हणून त्याच रात्री ओरडायला सुरुवात करतात.