घरी गाणी ऐकायला हेडफोन की स्पीकर? (वन बीएचके, बजेट वीस हजार)

कल्याणचा_कानसेन

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा विचारतोय. घरी गाणी नीट ऐकता यावीत म्हणून काहीतरी बरं घ्यायचंय. आत्तापर्यंत फोनचा स्पीकर नायतर तो हातात मावणारा ब्लूटूथवाला, यावरच भागवलं. आता बायकोनेही हो म्हटलंय (लेखी नाही, पण म्हटलंय), तर बजेट वीस हजार, त्यावर एक रुपया नाही.

घर कल्याणला, वन बीएचके. हॉलमध्ये बाबांचा टीव्ही सकाळपासून चालू असतो त्यामुळे तिथे काही जमणार नाही, उरली बेडरूम, ती दहा बाय दहा. मुलगी यंदा दहावीला आहे, तिचं अभ्यासाचं टेबलही तिथेच. मला निवांत वेळ मिळतो तो रात्री साडेदहानंतर आणि रविवारी सकाळी मुलगी क्लासला गेली की. ऐकतो काय तर ख्याल, नाट्यसंगीत, जुनी भावगीतं, आणि कॉलेजपासूनचं इंग्रजी रॉकचं वेड अजून आहे. बरंचसं यूट्यूब आणि अ‍ॅपवर, शिवाय बाबांच्या कॅसेटी मी कॉम्प्युटरवर उतरवून ठेवल्यात. फोनला हेडफोनचा जॅक नाहीये.

दुकानात गेलो तर तो म्हणे साउंडबार घ्या साहेब, हल्ली सगळे तेच घेतात. ऑफिसमधला मित्र म्हणतो हेडफोन घे, वीस हजाराच्या हेडफोनचा आवाज स्पीकरमधून काढायला लाखभर ओतावे लागतील. मोठा भाऊ म्हणतो कानाला डबे लावून बसणं म्हणजे काय गाणं ऐकणं झालं का. तुम्ही काय म्हणता?

दोन_चमचे_साखर

दोन्ही घ्या, विषय संपला.

पांढरी_पाच

साखरवाल्यांचं सोडा. तुमच्या मित्राचं गणित ढोबळमानाने बरोबर आहे. स्पीकरच्या किमतीत लाकडाचं खोकं, अँप (आवाज वाढवणारं यंत्र), मोठे ड्रायव्हर (आवाज काढणारे पडदे) सगळं आलं, आणि एवढं करून वर तुमची खोली त्या आवाजात आपलं काहीतरी घालणारच. हेडफोनमध्ये खोलीचा संबंधच येत नाही. दहा-बारा हजारातल्या बऱ्या वायरवाल्या हेडफोनवर तानपुऱ्याची जवारी (तारेची झणझण), तान घ्यायच्या आधी गायकाने ओढलेला श्वास, मागे कुणाचं तरी खोकणं, सगळं लख्ख ऐकू येतं.

पण मला आधी हे सांगा की रात्री साडेदहाला त्या बेडरूममध्ये झोपतं कोण? कारण हेडफोनमध्ये दोन जाती आहेत, ओपन आणि क्लोज्ड. ओपनला बाहेरून जाळी असते, आवाज मोकळा लागतो, डोक्यात कोंडल्यासारखं वाटत नाही, म्हणून जो तो तेच सुचवतो. आणि मग लोक घेऊन येतात आणि पहिल्याच रात्री शेजारून आवाज येतो, "अहो, ते जरा बंद करा." कारण ओपनमधून बाहेर इतकं झिरपतं की बाजूच्या माणसाला कुठलं गाणं चाललंय ते बसल्या जागी ओळखता येतं. तुमच्या घरात ओपनचा विचारही करू नका, क्लोज्डच.

दुसरं म्हणजे ओहम बघा, म्हणजे हेडफोनचा विद्युत रोध. सेनहायझरचा एचडी 600 सगळे नाव घेतात, 1997 पासून निघतोय आणि खरंच उत्तम आहे, पण तो एकतर ओपन, वर 300 ओहमचा, त्याला वेगळा अँप हवा. आणि तुमच्या बजेटात तो बसत पण नाही. तुम्ही 32 ते 80 च्या मधलं बघा. ऑडिओ-टेक्निकाचा एम40एक्स 35 ओहमचा आहे, बायरडायनॅमिकच्या डीटी 770 मध्ये 80 ओहमवाला मिळतो, दोन्ही क्लोज्ड. फोनला जॅक नाही तर यूएसबी-सीचा छोटा डोंगल घ्या, त्याच्या आतच डॅक (डिजिटल गाण्याचा कानाला ऐकू येईल असा सिग्नल करणारा भाग) असतो. फक्त अ‍ॅपलचा डोंगल घेणार असाल तर आधी आपल्या फोनला लावून बघा, वस्तू चांगली आहे पण बऱ्याच अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज फार बारीक येतो.

तापकीर_गल्ली

झालं हेडफोनवाल्यांचं? आता आमचंही ऐका. बहुतेक गाणी मिक्स करताना समोर स्पीकर ठेवूनच केलेली असतात. डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानालाही पोचतो, जरासा उशिरा आणि जरासा दबून, आणि त्यावरूनच गाणारा समोर आहे की बाजूला हे आपल्याला कळतं. हेडफोनमध्ये डाव्याचं डाव्यात उजव्याचं उजव्यात. तुम्ही रॉक ऐकता ना, साठच्या दशकातलं सुरुवातीचं स्टिरिओ लावून बघा, ड्रम एका कानात कोंबलेले आणि गाणारा दुसऱ्या कानात, दहा मिनिटांत डोकं उठतं. ती गोष्ट स्पीकरवर चालून जाते.

आता तुमची खोली. दहा बाय दहा म्हणजे स्पीकरची वैरीण, हे मी स्पीकरवाला असून सांगतोय. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण 343 मीटर, दहा फूट म्हणजे 3.05 मीटर, तर समोरासमोरच्या दोन भिंतींत जो सगळ्यात खालचा सूर अडकून घुमतो तो निघतो 56 हर्ट्झचा. लांबी-रुंदी सारखीच म्हणून दोन्हीकडून तोच सूर घुमणार. त्यात आपल्या बिल्डिंगींत स्लॅब असतो साडेनऊ फुटांवर, म्हणजे तिसरीकडून 59. आणि बास गिटारची ए ची मोकळी तार किती? 55. म्हणजे तो एक सूर आला की खोली गरगरणार, कपाटाची काच थरथरणार, आणि त्याच्या वरचे-खालचे सूर कुठे गेले ते शोधत बसा. इथे पैशाने काही होत नाही, लाखाचा स्पीकर आणलात तरी भिंती त्याच. मोठा स्पीकर किंवा सबवूफर आणाल तर उलट जास्त त्रास.

उपाय आहे. छोटे घ्या, चार इंची वूफरवाले (वूफर म्हणजे खालचे सूर देणारा ड्रायव्हर), आणि जवळ बसा. मुलीच्याच टेबलावर रविवारपुरते मांडा, दोन स्पीकरमध्ये तीन-साडेतीन फूट, तुम्ही पण दोघांपासून तेवढेच लांब, मागच्या भिंतीपासून फूटभर पुढे, आणि ट्वीटर (वरचे सूर देणारा छोटा ड्रायव्हर) कानाच्या उंचीला, त्यासाठी खाली दोन जाड पुस्तकं सरकवली तरी पुरे (दहावीच्या गाईड चालतील). जवळ बसलं की स्पीकरचा थेट आवाज कानावर जास्त येतो आणि भिंतींवरून परतणारा त्यामानाने कमी, त्यामुळे खोलीचा उपद्रव बराच आटोक्यात येतो. आवाजही लहान ठेवता येतो कारण अंतर दुप्पट झालं की थेट आवाज 6 डेसिबलने पडतो, म्हणजे लांब बसणाऱ्याला उगाच वाढवावं लागतं. एडिफायरचा आर1280टी बघा, अँप आतच आहे, 42 वॅट, वूफर 4 इंची, तुमच्या बजेटात आरामात बसतो आणि बासचं भोक (खोक्यातली हवा बाहेर पडायचं) पुढच्या बाजूला आहे. भोक मागे असलेला दुसरा कुठला घेतलात आणि भिंत जवळ आली तर त्या भोकात सरळ मोजा कोंबा. हसू नका, काही कंपन्या त्यासाठी खोक्यात फोमचा बोळा देतात.

एकच करू नका, शोकेसमध्ये भांड्यांच्या शेजारी ठेवू नका. आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्यांपैकी कितीतरी जण सांगतात स्पीकर घूं घूं करतो, आणि स्पीकर ठणठणीत असतो, घूं घूं शोकेस करत असतं.

साउंडबारचं म्हणाल तर दोन्ही चॅनल एका काठीत, डावं-उजवं कळायला अंतरच नाही. टीव्हीवरचे संवाद ऐकायला छान. बाबांना घेऊन द्या.

कल्याणचा_कानसेन

एवढं सविस्तर लिहिलंत, आभारी आहे दोघांचाही. पांढरी_पाच, बेडरूममध्ये रात्री बायको आणि मुलगी, हॉलमध्ये बाबा. मी असतो स्वयंपाकघरात खुर्ची टाकून, नायतर ग्रिल लावून बंद केलेल्या बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या बाजूला. ते मशीन कधी कधी रात्रीच लावलेलं असतं कारण पाणी तेव्हा येतं.

पांढरी_पाच

मग रात्रीचा निकाल लागला की हो. त्या बाल्कनीत स्पीकर लावलात तर शेजारच्या बिल्डिंगीला पण नाट्यसंगीत.

जवारीवाली

मी गाणं शिकवते, आणि मघापासून बघतेय, सगळे हर्ट्झ नि ओहम बोलतायत पण ते दादा ऐकतात ख्याल, त्याचं कुणी बोलेना. जुनं बरंचसं रेकॉर्डिंग मोनो आहे, म्हणजे डावं-उजवं वेगळं नाही. ते हेडफोनवर ऐकलं की गायक, पेटी, तबला सगळी मंडळी बरोबर कवटीच्या मधोमध एकावर एक बसतात. 78 आरपीएमच्या तबकड्यांवरून उतरवलेलं असेल तर ती खरखर पण थेट कानात, आणि कॅसेटची सूं सूं तर विचारूच नका, हेडफोन जितका चांगला तितकी ती जास्त ऐकू येते. तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची, तेवढं निभतं. पण तासाभराचा बडा ख्याल हेडफोनवर ऐकायला मला जड जातं, कान तापतात, आणि एकटं पडल्यासारखं होतं. स्पीकरवर तोच ख्याल बारीक आवाजात लावला की तानपुरा खोलीत भरून राहतो आणि आपण भाजी निवडता निवडता समेला मान हलवतो.

हेडफोन मी वापरते ते अभ्यासाला. एखादी जागा उतरवून घ्यायची, कण (स्वराला चाटून जाणारा छोटा स्वर) कुठून लागलाय बघायचंय, तेव्हा त्याला पर्याय नाही. मुलांनाही तेच सांगते.

आणि चार इंची स्पीकरबद्दल कुणी घाबरवेल की त्यात खर्ज येत नाही. काळी एकच्या तानपुऱ्याचा खर्ज 69 हर्ट्झच्या आसपास, तिथे तो छोटा स्पीकर दमतो हे खरं. पण तानपुऱ्याची मजा जवारीतून निघणाऱ्या वरच्या स्वयंभू स्वरांत असते, ते स्पीकर नीट देतो आणि त्यांच्यावरून खालचा सा आपला कान आपोआप भरून घेतो. बायाचा (तबल्याच्या जोडीतल्या डग्ग्याचा) घुमारा मात्र थोडा बारका होतो, तो खराखुरा ऐकायचा तर हेडफोनच. रात्री बारीक आवाजात बास कमी झाल्यासारखा वाटेल, ते कुठल्याही स्पीकरवर होतं, आपला कानच तसा आहे. जुन्या अँपवर त्याचसाठी लाउडनेसचं बटण असायचं.

दोन_चमचे_साखर

म्हणजे दोन्ही घ्या. मी दुसऱ्याच नंबरला सांगितलं होतं.

म्हापशेकर

हेडफोन घेताना पॅड कसले ते बघा, ह्याबद्दल कोण बोलत नाही. ते नकली चामड्याचे असले की आमच्या गोव्याच्या पावसात दोन-तीन वर्षांत पापुद्रे सुटतात आणि काळे तुकडे कानाला चिकटतात, कल्याणला पण हवा काही कोरडी नाही. डीटी 770 ला मखमली पॅड येतात, गरम कमी होतं, फक्त केस आणि धूळ धरून ठेवतात. कुठलाही घ्या, सुटे पॅड इथे मिळतात का ते आधी शोधा. ब्लूटूथवाला घेऊ नका असं माझं मत, त्याची बॅटरी गेली की चांगला ड्रायव्हर असून उपयोग नाही, आणि वायरवाला वीस वर्षं चालतो.

ईएनटीचा_शेजारी

त्या वॉशिंग मशीनवरून आठवलं म्हणून लिहितो. बाजूला मशीन घरघरतंय म्हणून नकळत आवाज वाढवला जातो आणि मशीन थांबल्यावर कमी करायचं लक्षात राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब मोठ्या माणसांसाठी 80 डेसिबलला आठवड्याला 40 तास असा आहे, आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे 83 ला 20 तास, 86 ला 10. मुलांसाठी तीच मर्यादा 75 ची. क्लोज्डचा एक फायदा हा की बाहेरचं थोडं अडतं, वाढवायची वेळ कमी येते. तरी मशीन लावायच्या रात्री स्वयंपाकघरातच बसा.

कल्याणचा_कानसेन

ठरवतोय असं, की आधी क्लोज्ड हेडफोन आणि डोंगल, बारा हजारापर्यंत, आणि उरलेल्या आठात छोटे स्पीकर, सेल लागला की. इकडे मुलीने वाचलं सगळं, म्हणतेय हेडफोन आला की अभ्यासाला तीच वापरणार.

तापकीर_गल्ली

क्रम उलटा करा ना, आधी स्पीकर. रात्रीला असलेल्या इयरफोनवर काढा थोडे दिवस.

पांढरी_पाच

अहो, त्यांना आठवड्यातल्या सातही रात्री आणि एक सकाळ मिळते, आणि तुम्ही सकाळसाठी आधी खर्च करायला लावताय. कानसेन, तुम्ही हेडफोनच घ्या आधी. आणि ऐकायला जाल तेव्हा बाबांच्या कॅसेटमधली एक फाईल आणि रॉकमधलं एक गाणं स्वतःच्या फोनवर घेऊन जा, डोंगलसकट. दुकानवाले लावतात त्या डेमोवर सगळंच छान वाजतं. चष्मा लावत असाल तर तो लावूनच वीस मिनिटं डोक्यावर ठेवा, काडी दाबली गेली तर तिथल्या तिथे परत द्या.