मदत हवी आहे: आजोबांचं हॉयर कॅरेरा घड्याळ पुण्यात कोणाच्या हाती द्यावं?

नमस्कार मंडळी,

आईच्या वडिलांचं, म्हणजे आमच्या अण्णांचं, चावीचं क्रोनोग्राफ (म्हणजे स्टॉपवॉच असलेलं) घड्याळ माझ्याकडे आलंय. चंदेरी डायल, त्यावर 'कॅरेरा' आणि खाली नुसतं 'हॉयर', आजच्यासारखं 'टॅग हॉयर' नाही. तीन छोट्या तबकड्या, उजवीकडे दोन बटणं, कडेला टॅकिमीटरचे, म्हणजे वेग मोजायचे आकडे. पट्टा काढला तेव्हा १२ च्या बाजूला २४४७ कोरलेलं दिसलं आणि ६ च्या बाजूला एक लांबलचक नंबर. मागचं झाकण मी उघडलेलं नाही.

अण्णा पिंपरीतल्या कारखान्यात इंजिनिअर होते. साठच्या दशकाच्या शेवटी कंपनीने ट्रेनिंगला जर्मनीला पाठवलं, तिथून त्यांनी हे आणलं. जुन्या मुंबई रस्त्याने लोणावळ्याला जाताना ते किलोमीटरचा दगड आला की वरचं बटण दाबायला लावायचे आणि पुढच्या दगडाला थांबवायला. काटा ४५ सेकंदांवर थांबला तर समोरच्या कडेवर ८० वाचायचं, म्हणजे ताशी ८० किलोमीटर. ३६०० भागिले सेकंद हे गणित मी शाळेच्या आधी त्या डायलवर शिकले. म्हणून आईला आणि मला हे कपाटात ठेवायचं नाहीये, चालवायचंय.

अडचण अशी. वेळ ठीक दाखवतं, पण क्रोनोग्राफ सुरू केला की थोड्या वेळात अख्खं घड्याळ बंद पडतं. शिवाय खालचं बटण दाबल्यावर मोठा काटा शून्यावर न येता दोन सेकंद पुढे थांबतो. पेठेतल्या एका दुकानात दाखवलं तर म्हणाले, "डायल नव्याने रंगवू, केस, म्हणजे बाहेरचं धातूचं कवच, घासून बफ करू, एकदम कोरं दिसेल." मी तशीच परत आले. डायलवर बारीक डाग आहेत, काट्यांवरचं रेडियम अंधारात अजिबात चमकत नाही, तेही बदलावं का? घड्याळ अस्सल आहे हे कसं कळेल? आणि पुण्यात काम कोणाला द्यावं?

प्रतिसाद

ताई, परत आलात हे फार चांगलं केलंत. डायल रंगवू देऊ नका, केसला बफ लावू देऊ नका. कॅरेराच्या, पट्टा जिथे अडकतो त्या कानांच्या धारदार कडा हीच तर त्याची ओळख, एकदा गोल झाल्या की परत येत नाहीत.

तुमच्या वर्णनात खटकण्यासारखं काही नाही. टॅग हे नाव १९८५ नंतर जोडलं गेलं, त्यामुळे त्या काळच्या घड्याळावर नुसतं हॉयर असणंच बरोबर. नंबरांच्या जागाही बरोबर आहेत. कॅरेरा १९६३ चं. हॉयर कंपनीचे जॅक हॉयर १९६२ साली फ्लोरिडात सेब्रिंगच्या १२ तासांच्या शर्यतीला गेले होते. तिथे मेक्सिकोचे शर्यतपटू रॉड्रिग्ज बंधू यांच्या आईवडिलांकडून त्यांनी कॅरेरा पानामेरिकाना या शर्यतीबद्दल ऐकलं. १९५० ते १९५४ या पाचच वर्षांत झालेली, जीवघेणी शर्यत. परतल्यावर त्यांनी नाव नोंदवून टाकलं. चालत्या गाडीत एका नजरेत वाचता यावं म्हणून डायल इतका मोकळा ठेवलाय. काच धरून ठेवणारी आतली कडी असते ना, तिच्यावरच त्यांनी सेकंदाच्या पाचव्या भागाच्या रेघा छापल्या, डायलवरची गर्दी तेवढी कमी. मला हे घड्याळ त्या काळातलं सगळ्यात सुंदर वाटतं.

झाकण उघडाल तेव्हा आत व्हालजू या स्विस कंपनीचं 'व्हालजू ७२' मशीन दिसायला हवं. बॅलन्सच्या, म्हणजे मागेपुढे झुलणाऱ्या चाकाच्या, खाली प्लेटवर ७२ आकडा असतो. रोलेक्सच्या डेटोना घड्याळालाही सुरुवातीला याच घराण्याचं मशीन होतं.

धागाकर्ती

खूप आभार! आणि रेडियमचं काय करू? डायलच्या तळाशी बारीक 'टी' आहे.

प्रतिसाद

तो 'टी' म्हणजे ट्रिटियम, रेडियमसारखंच अंधारात चमकवणारं किरणोत्सर्गी द्रव्य. त्याचं अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षं, म्हणजे पन्नासहून जास्त वर्षांत जवळपास सगळं संपलं. न चमकणं हीच चांगली खूण आहे. झगझगीत चमकलं असतं तर कुणीतरी नंतर भरलंय असा संशय आला असता. तसंच राहू द्या.

आता दुरुस्ती. क्रोनोग्राफ सुरू झाला की मशीनवर जास्त ओझं पडतं. तेल सुकलेलं असेल तर बॅलन्सचा झोका कमी होतो आणि घड्याळ थांबतं. पूर्ण खोलून, धुऊन, नव्याने तेल दिल्यावर बहुतेक हे सुटेल. दोन सेकंदांचा फरक बरेचदा काटा आपल्या दांडीवर किंचित सरकल्यामुळे येतो. पण शून्यावर आणणारा हातोडा ज्या बदामाच्या आकाराच्या चकतीवर आपटतो, ती झिजलीय का हेही पाहायला सांगा. तोपर्यंत क्रोनोग्राफ सुरू करू नका.

दुकानाचं नाव मी सुचवत नाही, कारागीर बदलतात. त्याऐवजी कॅम्पात किंवा लक्ष्मी रोडला जिथे विचाराल तिथे एवढंच विचारा: कॉलम व्हील (क्रोनोग्राफ सुरू-बंद करणारं खांबांचं चाक, व्हालजू ७२ मध्ये हेच असतं) असलेलं क्रोनोग्राफ तुम्ही स्वतः खोललंय का, आणि काम इथेच होणार की बाहेर पाठवणार? जो आधी झाकण उघडून बघतो आणि मग भाव सांगतो, त्याच्याकडे द्या. व्हालजू ७२ अनेक कंपन्यांनी वापरलं, त्यामुळे सुटे भाग शोधले तर मिळतात. बदललेला प्रत्येक जुना भाग पुडीत घालून परत मागा. पावतीवर दोन्ही नंबर आणि "डायल, काटे, केस यांना हात लावायचा नाही" हे लिहून घ्या. आणि पुण्याच्या पावसाळ्यात हातावर घालू नका, एवढ्या जुन्या केसमध्ये दमट हवा सहज शिरते.

धागाकर्ती

शनिवारी आईला घेऊन कॅम्पात जाते. झाकण उघडलं की मशीनचा फोटो इथेच टाकीन, तुम्ही पाहून होकार दिलात तरच पुढचं काम सांगेन.