कृतिदेवमधली जुनी ग्रंथयादी युनिकोडमध्ये कशी आणू? (फुकटात, आणि मला स्वतःला जमेल असं सांगा)

वाचनालयताई
नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यातल्या एका गावच्या वाचनालयात मी लेखनिक आहे. पुस्तकं नऊ हजारांवर. आधीच्या ग्रंथपालांनी २०११ साली सगळी यादी एक्सेलमध्ये कृतिदेव फाँटात टाइप करून ठेवली होती. गेल्या महिन्यात संगणक बंद पडला. तालुक्याला दुरुस्तीला दिला तर त्यांनी विचारलंसुद्धा नाही, सरळ फॉरमॅट मारला. फाइल पेनड्राइव्हवर होती म्हणून वाचली, पण उघडली की इंग्रजी अक्षरांचा पाऊस. 'मराठी' हा शब्द छोटा ई, जे, के, मोठा बी, छोटा एच असा दिसतोय.

पुतण्याने फाँट परत टाकून दिला, तेव्हा दिसायला लागलं. पण शोधायला गेलं की काही सापडत नाही, आणि मोबाईलवर पाठवली की पुन्हा तोच पाऊस. वाचक दारात उभा राहून पुस्तक विचारतो आणि मी रजिस्टरची पानं उलटत बसते.

माझं वय ४७. एमएससीआयटी झालंय, पण त्याला जमाना झाला. कृतिदेवचं टायपिंग येत नाही, मोबाईलवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिते तेवढंच. अनुदान आलं की आधी वीजबिल जातं, तेव्हा विकतचं काही सुचवू नका. पुतण्यालाही सारखं बोलावता येत नाही, मलाच शिकायचंय.

बायनरी_बाबू
कोहा टाका. ग्रंथालयाची यादी आणि देवघेव सांभाळणारं, न्यूझीलंडमध्ये तयार झालेलं मुक्त सॉफ्टवेअर आहे, पैसे लागत नाहीत, जगभरची ग्रंथालयं वापरतात.

खिळेजुळारी
बाबूशेठ, ताईंच्या घरात अजून पीठ मळलं नाही आणि तुम्ही पंगत मांडताय. कोहा चांगलंच आहे, पण आत भरायची यादीच वाचता येत नसेल तर काय भरणार?

ताई, मी कोल्हापुरात बावीस वर्षं डीटीपी केलं. लग्नपत्रिकांपासून कारखान्याच्या वार्षिक अहवालापर्यंत सगळं कृतिदेव आणि श्रीलिपीत. तुमचा घोटाळा काय आहे ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. त्या फाइलमध्ये मराठी मुळात नाहीच. आत इंग्रजी अक्षरंच आहेत, कृतिदेव फक्त त्यांना मराठीचा मुखवटा चढवतो. मुखवटा काढला की खरं तोंड दिसतं. युनिकोडमध्ये 'म' हा खरोखरचा 'म' असतो, म्हणून तो मोबाईलवरही दिसतो आणि शोधताही येतो.

आता काम. मूळ फाइलला हात लावायचा नाही. तिची प्रत काढा, ती गूगल ड्राइव्हवर चढवून शीट्समध्ये उघडा. कृतिदेव ते युनिकोड करून देणारी फुकट पानं नेटवर ढिगाने आहेत: एका चौकटीत जुना मजकूर टाकायचा, बटण दाबायचं, दुसऱ्या चौकटीतून नवा उचलायचा. पण अख्खा तक्ता एकदम टाकू नका. एकेक रकाना घ्या, तोही तीनशे-चारशे ओळींचा, आणि नवा मजकूर जुन्याच्या शेजारच्या रकान्यात चिकटवा. ओळी सरकल्या तर लगेच कळतं. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या यादीत मध्येच एक रिकामी ओळ गळली आणि तिथून पुढे प्रत्येक पुस्तकाला दुसऱ्याचाच लेखक लागला. दोन दिवस गेले निस्तरण्यात.

इंग्रजी पुस्तकांच्या ओळी आधी बाजूला काढा. त्या पानाला इंग्रजी कळत नाही, दिसेल ते अक्षर कृतिदेव समजून मराठी करून टाकतं. आणि सभासदांची नावं, फोन, पत्ते असलेला तक्ता असल्या अनोळखी पानांवर टाकू नका. तो हाताने करा.

बदलून झालं की दोन जागा डोळ्यांखालून घाला: पहिली वेलांटी आणि रफार. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करायची आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये बरोबर उलटं. त्यामुळे 'स्थि', 'र्मि' असल्या जोडाक्षरांत गोंधळ उडतो.

अर्धा_र
जुळारीकाकांनी मुख्य ते सांगितलंच आहे. मी टायपिंगचं बोलते. मोबाईलसारखं इंग्रजीतून मराठी लिहिण्यात वाईट काही नाही, पण नऊ हजार ओळी दुरुस्त करायच्या तर इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठी ठरवलेली कळफलकाची मांडणी, शिका. विंडोजच्या भाषा-सेटिंगमध्ये मराठी जोडलं की कळफलक हजर होतो, फाँट शोधत हिंडावं लागत नाही. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. 'के'वर क, शिफ्ट धरून ख. 'आय'वर ग, शिफ्ट धरून घ. पाय मोडायला 'डी'. मी पन्नाशीत शिकले, रोज वीस मिनिटं, तीन आठवड्यांत खाली बघणं सुटलं.

आणि आपल्या मराठीचा लाडका अर्धा र: शिफ्ट धरून 'जे', मग 'डी', मग 'य'. हे आलं नाही तर दऱ्यांचा दर्या होतो आणि सुऱ्यांचा सुर्या.

बाकी शीट्स शिकायला मराठीतलं काही हवं असेल तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल बघा. लिब्रेऑफिस कॅल्कचे धडे मराठी आवाजात आहेत. छोटे छोटे, फुकट. अर्ध्या पडद्यावर धडा आणि अर्ध्यावर तक्ता ठेवून तो करेल ते करत जायचं. कॅल्क आणि शीट्स सख्ख्या बहिणीच म्हणा.

वाचनालयताई
तीन आठवड्यांनी येतेय, रागावू नका.

कथा आणि कादंबरी झाल्या, चरित्रं चालू आहेत. शेजारच्या रकान्याची युक्ती नसती तर मी बुडालेच होते. ४१२व्या ओळीला सरकलं होतं, तिथेच सापडलं. ज्या ओळी फारच बिघडल्या त्यांच्यासाठी मी वेगळंच केलं. मोबाईलवर शीट्स उघडलं, कळफलकावरचा माइक दाबला आणि दाखल रजिस्टर समोर धरून नावं वाचत गेले. पुस्तकांची नावं बऱ्यापैकी उमटतात, आडनावांची मात्र वाट लागते. आमच्या शिपाईमामांना वाटलं, बाई एकट्याच बडबडायला लागल्या.

एकाच लेखकाची चार-चार रूपं निघाली आहेत. आद्याक्षरानंतर टिंब आहे, नाही, टिंबानंतर जागा आहे, नाही. ती 'फाइंड अँड रिप्लेस'ने एकसारखी करतेय. पण एक कोडं सुटत नाही. 'कोऱ्या' असं शोधलं तर दोन पुस्तकं येतात. तिसरं समोर दिसतंय, अगदी तसंच लिहिलेलं, तरी सापडत नाही. डोळे फुटायची वेळ आली.

खिळेजुळारी
तुमचे डोळे ठीक आहेत. तो अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो. एक अर्धा_र बाईंनी सांगितला तो, खालच्या टिंबाचा ऱ आणि हलन्त, म्हणजे पाय मोडायची खूण. दुसरा साधा र, हलन्त आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच, संगणकाला वेगळे. ज्या पानावरून तुम्ही बदललंत त्याने दुसरा प्रकार घातला असणार. न सापडणाऱ्या पुस्तकाच्या नावातला फक्त 'ऱ्या' कॉपी करून 'फाइंड'मध्ये चिकटवा, 'रिप्लेस'मध्ये स्वतः इनस्क्रिप्टने टाइप केलेला 'ऱ्या' द्या. मग तेच 'ऱ्ये', 'ऱ्यां', 'ऱ्हा'साठी. 'कऱ्हाड' विसरू नका, तुमच्या शेजारचंच आहे.

वाचनालयताई
सापडलं! आणि कऱ्हाडची सात निघाली.