मदत हवी आहे: बाबांच्या कॉम्प्युटरमधला ईमेल वर्म कसा काढायचा?

मंडळी, जरा अर्जंट मदत हवीये. बाबांच्या नावाने ओळखीच्या लोकांना अटॅचमेंटवाले मेल जातायत, जे त्यांनी पाठवलेलेच नाहीत, सेंट फोल्डरमध्ये पण काही दिसत नाही. आता पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा टाकता येतो, २००४ च्या मायडूम वर्मने (वर्म म्हणजे स्वतःहून पसरणारा व्हायरससारखा प्रोग्राम) पण तेच केलं होतं, म्हणजे मेल दुसऱ्याच कोणाच्या मशीनवरून जात असतील असंही होऊ शकतं, पण इथे अँटिव्हायरसला टेम्प फोल्डरमध्ये एक स्क्रिप्ट फाइल सापडली आणि ती डिलीट केली तरी रीस्टार्ट केल्यावर परत हजर!

सध्या नेट काढून ठेवलंय, मेलचा पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदललाय. विंडोजच्या सेफ मोडमध्ये स्कॅन पुरेल का पेनड्राइव्हवरून बूट करून ऑफलाइन स्कॅनच करावं? स्टार्टअप आणि टास्क शेड्युलरमध्ये नेमकं काय शोधायचं? फोटोंचा बॅकअप घ्यायचाय पण त्यातून पेनड्राइव्हलाही लागण होईल का ही भीती वाटते. फॉरमॅट अगदीच नाइलाज झाला तर.

पुढे असं होऊ नये म्हणून फाइलचं एक्स्टेन्शन (नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारा भाग) दिसेल अशी सेटिंग करतोय, कारण २००० सालच्या आयलव्हयू वर्मची फाइल शेवटचं व्हीबीएस (स्क्रिप्ट फाइलचं एक्स्टेन्शन) लपल्यामुळे साधी टेक्स्ट फाइल वाटायची. अजून काय करावं? बाबा ओळखीचं नाव दिसलं की मेल उघडतात, त्यांना पटेल असं काहीतरी सांगा. आणि मेलचे हेडर (मेल कुठून कसा आला याची तांत्रिक नोंद) वाचता येणारं कोणी असेल तर त्यात काय बघायचं तेही प्लीज सांगा.