शब्दचर्चा : फोममधला ‘क्रॉसलिंक’ आणि ‘रिव्हर्सिबल’ बंध

प्रश्न :
गादीतला किंवा बुटाच्या तळव्यातला फोम वितळवून पुन्हा वापरता येत नाही, कारण त्याचे रेणू एकमेकांना ‘क्रॉसलिंक’ केलेले असतात. त्या जोडांच्या जागी ‘रिव्हर्सिबल’ रासायनिक बंध वापरून तसाच फोम बनवायचा, म्हणजे नंतर तो पुन्हा घडवता येईल, असे संशोधन चालू आहे. त्यावर मराठीत लेख लिहिते आहे. ‘आडबंध’ आणि ‘व्युत्क्रमी बंध’ असे शब्द योजले आहेत. पहिला पटतो. दुसऱ्यातून वाचणाऱ्याला काही कळेल असे वाटत नाही. काय सुचवाल?

प्रतिसाद १ :
‘आडबंध’ ठेवाच. लांब साखळ्या आणि त्यांना मधे मधे जोडणारे आडवे दुवे, हे चित्र शब्दातच उभे राहते. फक्त आडबंधाने काय फरक पडतो ते एकदा सविस्तर लिहा. थर्माकोल हा पॉलिस्टायरीनचा फोम. त्यात आडबंध नसतात, म्हणून तापवला की तो आकसून वितळतो. बुटाच्या ईव्हीए या रबरासारख्या प्लास्टिकच्या तळव्यात पेरॉक्साइड घालून साखळ्या जोडलेल्या असतात. पॉलियुरेथेनच्या गादीत तर जाळे विणले जात असतानाच फोम फुगत असतो. पाणी आणि आयसोसायनेट (पॉलियुरेथेनचा एक कच्चा घटक) यांच्या अभिक्रियेतून निघणारा कार्बन डायऑक्साइड तो फुगवतो. हे दोन्ही तापवले तर मऊ पडतील, पण वाहणार नाहीत. आणखी तापवले तर करपतील.

मग आडबंध घालायचेच कशाला, असा प्रश्न वाचकाला पडेल. पॉलिएथिलीनसारखे प्लास्टिक वितळल्यावर फार पातळ होते. वायू फुगू लागला की बुडबुड्यांच्या भिंती ताणल्या जातात, फाटतात, बुडबुडे एकमेकांत मिसळतात आणि सगळा फोम खाली बसतो. आडबंध त्या भिंतींना धरून ठेवतात. पुढे दाबून सोडल्यावर फोम पूर्ववत होतो तोही बराचसा त्यांच्याच जोरावर. म्हणजे ते काढून टाकणे हा उपाय नव्हे, ते हवे तेव्हा सुटतील असे करणे हा उपाय.

अशा बंधाला मराठीत शब्द हाताशी आहे. नेहमीचा आडबंध ही निरगाठ, हा नवा म्हणजे सुरगाठ. डील्स-आल्डर अभिक्रियेचे उदाहरण द्या. ओटो डील्स आणि कुर्ट आल्डर यांनी ती १९२८ मध्ये मांडली, १९५० मध्ये दोघांना नोबेल मिळाले. फ्युरान आणि मॅलेइमाइड हे गट कमी तापमानाला जुळतात, साधारण ११०-१२० अंश सेल्सिअसच्या पुढे सुटू लागतात, थंड होताना पुन्हा जुळतात.

प्रतिसाद २ :
सुरगाठ मलाही आवडली, पण ती अर्ध्याच विषयाला लागू पडते. या बंधांचे दोन प्रकार आहेत आणि लेखात ते वेगळे दिसले पाहिजेत.

एकात बंध आधी सुटतो, मग नवा जुळतो. वर दिलेले डील्स-आल्डर याच प्रकारातले. तापमान वाढले की आडबंधांची संख्याच घटते आणि पदार्थ झपाट्याने पातळ होतो. दुसऱ्यात जुना बंध सुटण्याआधी नवा जुळलेला असतो. लुडविक लाइब्लर यांच्या गटाने २०११ मध्ये एपॉक्सीचे जाळे घेऊन हे दाखवले. त्यात जस्ताचा उत्प्रेरक आहे, आणि तापवल्यावर जाळ्यातले एस्टर नावाचे बंध आपापसांत जोडीदार बदलतात. कोणत्याही क्षणी मोजले तरी बंधांची संख्या तीच, तरीही पदार्थ तापलेल्या काचेसारखा हळूहळू घडवता येतो. अशा पदार्थांना ‘विट्रिमर’ म्हणतात. इथे काहीच उलटत नाही, उलगडतही नाही, अदलाबदल होते.

म्हणून माझी सूचना : पहिल्याला ‘सुटता बंध’, दुसऱ्याला ‘बदलता बंध’, आणि दोन्ही मिळून ‘जुळवता येणारे जाळे’. ‘व्युत्क्रमी’ दोन्ही ठिकाणी वापरला तर हा फरक पुसला जाईल.

प्रश्नकर्ती :
हा फरक माझ्या मसुद्यात अजिबात नव्हता, फार उपयोग झाला. पण आधीच वापरात असलेल्या गाद्यांचे काय? त्यांत तर असा बंध कोणी घातलेला नाही.

प्रतिसाद २ :
घालावा लागत नाही, हेच तर त्यातले विशेष. पॉलियुरेथेनच्या साखळ्यांतला युरेथेन बंध योग्य उत्प्रेरक मिळाला की स्वतःच बदलता होतो. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात विल्यम डिक्टेल यांच्या गटाने वापरून झालेल्या पॉलियुरेथेन फोममध्ये कथिलाचा उत्प्रेरक मुरवला आणि तो दुहेरी स्क्रूच्या एक्स्ट्रूडरमधून, म्हणजे प्लास्टिक तापवून, मळून पुढे ढकलणाऱ्या यंत्रातून, काढला. नुसता गरम साच्यात दाबला तर आतली हवा अडकून राहायची आणि तुकडा भेगाळायचा. स्क्रूंनी मळताना हवा बाहेर पडते आणि एकसंध प्लास्टिक मिळते. तेव्हा ‘बदलता’ हा गुण नुसत्या बंधाचा नाही, तापमान आणि उत्प्रेरक यांच्यासकटचा आहे. व्याख्या लिहिताना तेवढे सांभाळा.

प्रतिसाद ३ :
‘पुनर्वापर’ हा शब्द मात्र जपून वापरा. जुना फोम तसाच दुसरीकडे लावणे म्हणजे पुनर्वापर. त्याचा चुरा करून, चिकटवून गालिच्याखालचा थर करणे ही आणखी वेगळी गोष्ट, तिथे आडबंध जसेच्या तसे राहतात. रसायनाने तोडून पॉलिऑल हा पॉलियुरेथेनचा कच्चा घटक परत मिळवणे तिसरी. तुमच्या विषयाला ‘पुनर्घडण’ म्हणा. आणि शेवटी फोम मिळाला की घट्ट पत्रा, हेही स्पष्ट लिहा. पुनर्घडणीत आधी हवा काढावी लागते, त्यामुळे फोमच पाहिजे असेल तर तो पुन्हा फुगवावा लागतो. त्या दुसऱ्या फुगवणीत भिंती टिकतात का, यातच खरी परीक्षा आहे.

प्रश्नकर्ती :
‘पुनर्घडण’ घेते. आता एकच राहिले. सतत भाराखाली पदार्थ हळूहळू आकार बदलतो, त्या ‘क्रीप’ला काय म्हणू?

प्रतिसाद १ :
लोक ‘गादी दबली’ म्हणतात, फोमपुरते ‘दबणे’ पुरे. तांत्रिक परिच्छेदात ‘क्रीप’च राहू द्या. पण हा मुद्दा लेखात हवाच, कारण बंध जितके सहज सुटतील किंवा बदलतील तितका फोम लवकर दबण्याचा धोका. त्यावर दोन वाटा आहेत. एक, वापराच्या तापमानाला जवळजवळ निश्चल राहणारे आणि बऱ्याच वरच्या तापमानालाच जागे होणारे बंध निवडणे. दुसरी, थोड्या निरगाठी मुद्दाम शिल्लक ठेवणे, पण इतक्याच की नुसत्या त्यांच्या जोरावर अखंड जाळे होऊ नये. मग दबणे कमी होते आणि तापवल्यावर पदार्थ घडवताही येतो.