मृत्युपत्रात लिहून भागत नाही

कुणीतरी म्हटलंय, ‘व्हेंटिलेटर नको’ हे मृत्युपत्रातच लिहून ठेवलं की झालं. नाही हो! मृत्युपत्र उघडणार माणूस गेल्यावर, मग उपयोग काय? त्यासाठी लिव्हिंग विल, म्हणजे पुढे आपल्याला बोलता येत नसेल तेव्हा कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेला कागद, वेगळं करावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली, पण तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची. २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर भागतं. कर्नाटक सरकारचा आदेशही जानेवारी २०२५ मध्ये निघालाय.

आपल्या बेळगाव भागातली अडचण निराळीच. आई-बाबा खानापूर-निपाणीकडे, मुलं पुण्याला. आपल्या वतीने उपचारांचा निर्णय घेण्यासाठी त्यात एकाहून जास्त नातेवाइकांची नावं देता येतात. रात्री-अपरात्री धावून येईल असं बेळगावातलं एक तरी नाव घाला. मजकूर मराठीत केलात तर सोबत कन्नड किंवा इंग्रजी प्रत ठेवाच, आयसीयूतल्या डॉक्टरांना मराठी वाचता येईलच असं नाही. एक प्रत नेहमीच्या डॉक्टरांकडे, एक महापालिकेत किंवा पंचायतीत द्यायची. तिजोरीत कुलूपबंद ठेवून काही होत नाही.

आणि कागद केला म्हणून कुणी लगेच मशीन काढत नाही (आमच्या काकूंना हीच धास्ती). तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळं आधी रुग्णाची स्थिती बघतात.